मागच्या न्हाणीतलं ऊन पाणी

१

आबांचा तांब्या काठोकाठ भरलेला होता, आणि दिपालीने बोट बुडवून पाहिलं तर पाणी ऊन होतं.

ती मागच्या न्हाणीत गेली होती ते कुरडयांचा चीक गाळायला मोठं पातेलं आणायला. तिचे सासरे, रंगनाथ आबा, दिवाळीनंतर गेले, तेव्हापासून त्या न्हाणीत अंघोळीला कुणी जात नव्हतं. आत अडगळ साठली होती. खुंटीला आबांचा पंचा होता, कोनाड्यात वाळून तडकलेला लाल साबण होता, आणि दगडावर त्यांचा पितळी तांब्या पालथा असायचा. गुढीपाडव्याच्या साफसफाईत तो दिपालीनेच घासून पालथा घातला होता. आता तो नळाखाली सरळ उभा होता. नळ घट्ट बंद. तोंडाशी एकच थेंब लोंबत होता, पडू का नको अशा बेतात.

थेंब पडला. दिपालीच्या हातून पातेलं सुटलं आणि न्हाणीभर गरगरत फिरलं.

तिचा नवरा करण शिर्डीला टेम्पोतून फुलं टाकून नुकताच परतला होता. तो जेवणावरून तसाच उठून आला, बोटांना पिठलं.

“काय झालं?”

“भरलाय.”

“काय भरलंय?”

“तांब्या.”

करणने तांब्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. “मग रिकामा कर की,” म्हणाला आणि भाकरी गार व्हायच्या आत परत गेला.

त्याचंही चुकत नव्हतं. गेल्याच महिन्यात दिपालीने त्याला अर्ध्या वाटेवरून टेम्पो फिरवून घरी बोलावलं होतं, माळ्यावर कोणीतरी आहे म्हणून. माळ्यावर मांजर व्यालेलं होतं. झेंडू त्या दिवशी उशिरा पोचला आणि तेव्हापासून घरात कुठंही खुट्ट झालं की करण विचारायचा, “कोण गं, मांजर का?” त्याच्याही आधी ती कुकरच्या शिट्टीला घाबरून अंगणात पळाली होती, तेही पाहुणे बसलेले असताना. नगरला राहून विज्ञानाची पदवी घेतलेली, सोनईतल्या क्लासवर नववीच्या पोरांना वाफेचा दाब शिकवणारी सून कुकरला भिते, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. तिने मनाशी ठरवून टाकलं होतं, आता खात्री झाल्याशिवाय तोंड उघडायचं नाही.

तिने तांब्या ओतला आणि परत पालथा घातला. सासूबाईंनीच उभा केला असेल. घरात दुसरं आहे कोण?

२

दुसऱ्या दिवशी दुपारी ती सिंकपाशी उभी राहून ताटं विसळत होती. विसळणं म्हणजे आता मोठी गंमत होती. पाडव्याला करणने प्रेशर पंप बसवून घेतला होता, आणि नळ जरा फिरवला की पाणी असं उसळायचं की वाटी हातातून पळायची. सासूबाई, म्हणजे आक्काबाई, तर लांबूनच नळ फिरवायच्या, मारक्या बैलाला वैरण टाकावी तशा.

भिंतीतल्या लोखंडी पाइपावर कोणीतरी मारलं. टण्. टण्.

“व्हय, व्हय, उगडते,” ताक घुसळता घुसळता आक्काबाई म्हणाल्या. उठल्या, ओट्यावरचं उलथनं घेतलं आणि पाइपावर एकदा मारलं. टण्.

मग दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

ही त्या घराची रीत होती. गच्चीवरच्या सोलरचं ऊन पाणी एकट्या मागच्या न्हाणीला जायचं. ते सोडायचा कॉक मात्र स्वयंपाकघराच्या भिंतीत. का, तर गहिनीनाथ प्लंबर म्हणाला होता, “पाईप तितंच सपला.” त्यामुळे आबा शेतातून आले की न्हाणीत जायचे आणि ओरडायचं नाही म्हणून तांब्याने पाइपावर दोनदा मारायचे: उघडा. स्वयंपाकघरात जी कोणी असेल ती कॉक फिरवायची आणि उलथन्याने एकदा मारायची: उघडलं. वैशाखातसुद्धा आबांना ऊनच पाणी लागायचं. कोणी हसलं तर म्हणायचे, तापल्या तव्यावर गार पानी वतत्यात का?

“सवय, बाई,” आक्काबाई म्हणाल्या आणि हसायला लागल्या. “मानूस गेला तरी हाताची खोड जात न्हाई.”

दिपालीही हसली, पण तिचा हात ताटाच्या कडेवर घट्ट झाला होता. मागच्या न्हाणीला बाहेरून कडी होती. ती तिनेच लावली होती.

तिच्या डोक्यातली नववीची बाई लगेच उभी राहिली. धातू तापला की प्रसरण पावतो. पाइप लांबतो, भिंतीत अडतो, सुटतो, आवाज होतो. धडा पाठ होता. फक्त धड्यात हे नव्हतं की दोनदाच का होतो, आणि उलथन्याने उत्तर दिल्यावर थांबतो का.

३

संध्याकाळी गहिनीनाथ आला. नात्याने करणचा चुलतभाऊ, हातात पाना, खिशात दोरा, आणि चहा आल्याशिवाय कुठल्या पाइपाला हात लावायचा नाही असा पण.

“वहिनी, पाईप हाय त्यो. ऊन लागलं का अंग मोडतो मानसागत.”

“पण दोनदाच कसा वाजतो, भाऊजी?”

“मग काय पाढं म्हनायचं त्येनं?”

करण खो खो हसला. आक्काबाईसुद्धा पदर तोंडाला लावून हसल्या. दिपालीनेही बशीत बघत हसून घेतलं.

“ऐका,” गहिनीनाथ मांडी घालून बसला. “पैलं तुमचं पानी लई उनाड हुतं. पंप लावला आन सोलरवरच्या त्या उभ्या पाईपातनं भुरूभुरू सांडाय लागलं.”

“माजी पैली पाटी भिजवली की कुरडयांची,” आक्काबाई म्हणाल्या. “मीच म्हनलं, गहिन्या, ह्या पाईपाचं त्वांड बंद कर.”

“केलं का न्हाई? बूच मारलं, वर दोरा गुंडाळला. आन खाली पंपाला पानी माघारी जाऊ ने म्हनून त्यो झडपीचा कॉक टाकला. आता बघा. माघारी फिरत न्हाई, वर सांडत न्हाई. पानी कुठनंच जात न्हाई.” त्याने बशी तोंडाला लावली. “आसं काम पायजे.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. दिपालीनेही डोलावली. त्या वाक्यात काहीतरी बसत नव्हतं, पण काय ते तिला सांगता येईना, आणि नुसतं ‘काहीतरी’ घेऊन या घरात बोलायची आता सोय नव्हती.

४

त्यानंतर पाइप रोज वाजायला लागला, ऊन डोक्यावर आलं की, म्हणजे आबा शेतातून यायच्या वेळेला.

आक्काबाईंनी ते फार आनंदाने घेतलं. त्या आता वाटच बघायच्या. पाइप वाजला की उलथन्याने एकदा मारायच्या आणि म्हणायच्या, “आलात? बसा जरा, घाम तरी वाळू द्या.” मग कुरडया कशा पांढऱ्याशुभ्र झाल्यात, गहिन्याने किती साखर खाल्ली, सुनेला आज पालीनं कसं पळवलं, सगळं त्या भिंतीला सांगायच्या. दिवाळीपासून त्या इतकं बोलल्या नव्हत्या. करण म्हणाला, “आसू दे. तेवढंच बरं वाटतं तिला.”

कॉक मात्र त्या फिरवायच्या नाहीत. तेवढं भान होतं. “ऊन पानी सोडून घ्यायचं कुनी, माजी आई? उगं वाया.”

दिपालीला आणखीही काही दिसत होतं. बंद कॉकच्या दांड्याजवळ पाणी पाझरत होतं आणि त्याला हात लावला तर पोळत होता. ताक घुसळायचं थांबलं की भिंतीच्या आत काहीतरी बारीक कण्हायचं, दुधाचं पातेलं उतू जाण्याआधी बोलतं तसं. आणि वाजणं बदललं होतं. आधी दोन ठोके, मग शांत. आता दोन ठोके, जरा वेळाने पुन्हा दोन. उलथन्याचं उत्तर त्याला पुरेनासं झालं होतं. अंगाला साबण लावून बसलेल्या माणसाचं पाणी संपावं आणि स्वयंपाकघरात कोणाचं लक्ष नसावं, तसं ते वाजत होतं.

मागच्या न्हाणीत ती रोज एकदा जायची, दिवसाउजेडी, दार सताड उघडं ठेवून. तांब्या रोज सरळ उभा असायचा. ती रोज पालथा घालायची.

“आई, आबांचा तांब्या तुम्ही उभा करता का?”

“मी कशाला जाऊ तिकडं?” आक्काबाई सोऱ्यात चीक भरता भरता म्हणाल्या. “मला आत गेलं का रडू येतं.”

५

त्या दिवशी ऊन असं होतं की अंगणातली कोंबडीसुद्धा एका पायावर उभी राहून विचार करत होती. करण शिर्डीच्या वाटेवरून अजून परतला नव्हता. आक्काबाई सकाळीच काठी घेऊन गच्चीवर गेल्या होत्या, शेवटच्या कुरडयांना राखण बसायला. शेजारची शेळी जिना चढून येते म्हणून गच्चीच्या दाराला त्या आपल्या बाजूने कडी घालायच्या. फोन खाली चार्जिंगला.

पाइप वाजायला लागला. दिपालीने उलथन्याने उत्तर दिलं. तो थांबला नाही. टण् टण्. टण् टण्. उलथनं हातात तसंच धरून ती मागच्या परसात आली. भिंतीआड ऐकवेना, निदान उघड्यावर तरी उभं राहावं.

तिथून गच्चीवरची सोलरची टाकी दिसत होती. दिपालीने डोळ्यांवर हात धरला. टाकीचं पोट एका बाजूने पुढे आलं होतं, तव्यावर भाकरी फुगावी तसं, आणि पत्र्याची शिवण मधोमध ताणून पांढरी पडली होती. वर तो उभा पाइप. त्याच्या तोंडावर बूच, बुचावर गहिनीनाथचा दोरा.

कुठनंच जात न्हाई.

तापलं की सगळंच फुगतं. धातू फुगतो, तसं पाणीही. धातूबद्दल ती रोज पोरांना सांगायची, पाण्याबद्दलही सांगायची, आणि इतके दिवस तिने फक्त पाइपाचाच विचार केला होता. ऊन पाणी उन्हाळ्यात कोणी वापरत नव्हतं. ते वर जाऊ शकत नव्हतं, माघारी फिरू शकत नव्हतं, आणि सूर्य काही थांबत नव्हता.

मग तिला टाकीखालचे पाय दिसले. गच्चीवर सावली एकच होती, टाकीची. त्या सावलीत कठड्याच्या जाळीतून आक्काबाईंच्या टाचा दिसत होत्या, एकीवर एक, निवांत.

“आई,” दिपालीने हाक मारली. “आई, उठा. तिथून बाजूला व्हा.”

टाचा हलल्या नाहीत. आक्काबाईंना एकाच कानाने ऐकू यायचं, आणि झोप हवी असली की त्या तोच कान खाली घालून झोपायच्या. करणच्या तक्रारींवर त्यांचा हा जुना इलाज होता.

जिना चढून दिपालीने दार बडवलं. कडी हलली, निघाली नाही. आक्काबाई घोरत होत्या, तेवढं ऐकू आलं, आणि त्यावरून पत्र्याचं ते कण्हणं. खाली येऊन तिने पंपाचं बटण बंद केलं. कण्हणं बंद झालं नाही. गहिनीनाथला फोन लावला. तो मिरजगावला लग्नात होता, रिंग वाजत राहिली. करणला लावला, रेंज नाही. परसातून एक ढेकूळ उचलून गच्चीवर फेकलं. ते कुरडयांवर पडून चुरा झाल्याचा आवाज आला. एरवी एवढ्यावर आक्काबाई मेलेल्या असत्या तरी उठल्या असत्या.

“आई,” ती पुन्हा ओरडली, आणि तिला स्वतःचाच आवाज मांजराच्या दिवशीसारखा वाटला.

टण् टण्, भिंतीतून आलं. टण् टण्. टण् टण्.

उघडा.

इतके दिवस कोणीतरी एवढंच सांगत होतं, आणि घरातली माणसं त्याला उलथन्याने ‘उघडलं, उघडलं’ म्हणून खोटं सांगत होती.

६

कॉक दिवाळीपासून फिरला नव्हता. दांडा पोळत होता. दिपालीने पदराची घडी केली, दोन्ही हातांनी ओढला, पाय भिंतीला लावून ओढला. काही नाही. मग खलातला बत्ता घेतला आणि दांड्यावर मारला. एकदा, पुन्हा एकदा. गंजाची पापडी उडाली आणि दांडा कुरकुरत, मोडल्यासारखा, खाली आला.

पाइपातून काहीतरी धावत गेल्याचा आवाज झाला, भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

ठोके थांबले.

पुढचं तिने विचार करून केलं नाही. उलथनं घेतलं आणि पाइपावर एकदा मारलं. टण्.

अजून अर्धं काम राहिलं होतं. कॉक उघडला तरी न्हाणीतला नळ बंदच होता, तो सोडल्याशिवाय टाकी मोकळी होणार नव्हती. ती परसाच्या दाराकडे धावली, आणि उंबऱ्यावरच थांबली.

मागच्या न्हाणीत नळ सुटला होता. पूर्ण. पाणी इतक्या जोरात पडत होतं की बंद दाराच्या फटींतून वाफ बाहेर येत होती. वर गच्चीवर टाकीच्या पत्र्याने ‘ठम्’ असा एक मोठा सुस्कारा सोडला आणि फुगलेलं पोट बघता बघता आत बसलं.

सुटलो, असं दिपालीला वाटलं. ती हसली. आई जाग्या झाल्या. ढेकळाने म्हणा, ओरडण्याने म्हणा, खाली आल्या आणि त्यांनीच नळ सोडला. आपण कॉकशी झगडत होतो तेव्हा जिन्यावरून उतरल्या असतील, लक्ष गेलं नाही. सोपं आहे.

आणि लगेच तिचं हसू गेलं. त्या नळातून नुसतं ऊन नाही, उकळतं पाणी येत होतं. एक तांब्या जरी अंगावर पडला तर कातडी निघेल.

“आई, लांब उभ्या राहा,” ती न्हाणीच्या दाराशी धावली. “हात लावू नका पाण्याला.”

बाहेरची कडी निघालेली होती. दार ढकललं. आतून लावलेलं होतं.

“आई, कडी काढा.”

आत पाण्याचा आवाज बदलला. नळाची धार सरळ पडत होती, मग मध्येच तुटायची, खाली काहीतरी धरल्यासारखी. जरा वेळ भरत जाणारा आवाज. मग धार पुन्हा सरळ, आणि अंगावर पाणी घेतल्याचा तो सपकन आवाज. पुन्हा धार तुटली. पुन्हा भरलं. घाई नव्हती. सकाळपासून उन्हात राबून आलेलं माणूस जसं निवांत, सावकाश अंघोळ करतं तसं.

“आई, पोळेल तुम्हाला. आई.” तिने दोन्ही मुठींनी दार बडवलं. फळीतून वाफ तिच्या चेहऱ्यावर येत होती. तिने खाली बघितलं. न्हाणीचं पाणी भिंतीतल्या मोरीतून परसात निघायचं, अळूच्या वाफ्यात. ते वाहायला लागलं होतं. त्याच्यावर फेस होता. पांढरा, दाट, आणि त्याला त्या लाल साबणाचा वास होता, जो दिवाळीपासून कोनाड्यात वाळून दगड झाला होता.

फेस अळूच्या पानाला अडला, गोल फिरला आणि फुटला.

दाराच्या दोन फळ्यांमध्ये बोटभर फट होती. दिपाली वाकली. आत सगळं पांढरं होतं. त्या पांढऱ्यात पितळ एकदा चमकलं, वर गेलं, कोणाच्या तरी डोक्याच्या उंचीला, आणि तिथे तिरपं झालं.

ती आईंची उंची नव्हती.

“आई,” दिपाली म्हणाली. ओरडणं तिला आता जमेना. फट सोडून तिला मागे होता येईना आणि पुढेही होता येईना. “आई, तुम्हीच आहात ना? ओ द्या ना हो. एकदा ओ द्या.”

नळ बंद झाला. दोन फेऱ्यांत, सवयीच्या हाताने फिरवावा तसा. परसात एकदम इतकं शांत झालं की अळूवरून थेंब पडलेला ऐकू आला.

“का गं दिपे,” वर, गच्चीच्या कठड्यावरून, काठी हातात, केसांना कुरडयांचा चुरा, झोपेने जड झालेल्या आवाजात आक्काबाई म्हणाल्या, “मी हितं हाय की. कुनाला हाका मारतीयस?”